‘तटस्थ’ या शब्दाचे मूल्य

ज्या पेढ्या कंपन्यांचे भाग विक्रीस आणतात, दलाली घेऊन व्यवहार करून देतात आणि गिऱ्हाइकांना संशोधन-अहवाल पुरवितात, त्यांस रोखेबाजारात विक्रीपक्ष म्हणतात. विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी, म्युच्युअल फंड इत्यादी खरेदीपक्ष होत. विक्रीपक्षाच्या कार्याचा विचार अर्थशास्त्रज्ञ करतातच. परंतु त्याच्या अहवालांतील शब्दार्थाची चिकित्सा भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरची नव्हे.

न्यूयॉर्कच्या मेरिल लिंच या पेढीची अभिप्राय-श्रेणी पाच पदांची होती : खरेदी, संचय, तटस्थ, घट व विक्री. न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी एप्रिल २००२ मध्ये न्यायालयापुढे मांडलेल्या चौकशीत असे दिसून आले, की १९९९ च्या वसंतापासून २००१ च्या शरदापर्यंत पेढीच्या इंटरनेट विभागाने शेवटची दोन पदे एकदाही योजिली नाहीत. वस्तुतः २००० च्या मार्चनंतर या कंपन्यांचे भाव कोसळले होते. खाजगी पत्रव्यवहारात निंदिलेल्या काही भागांस जाहीर अहवालात मात्र अनुकूल अभिप्राय मिळत असे.

चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या विरोधातून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन येथे आठवते. ‘विक्री’ हे पद व्यवहारातून लोपताच तिचा अर्थ ‘तटस्थ’कडे सरकला. खरेदीपक्षातील जाणत्यांना हे अर्थांतर अवगत होते. सामान्य गुंतवणूकदार मात्र तोच शब्द कोशातील अर्थाने वाचीत राहिला. एकाच शब्दाचे असे दोन भाषिक समाज झाले, आणि नुकसान कोशावर विश्वासणाऱ्याच्या वाट्यास आले.

मेरिल लिंचने दोष मान्य न करता १० कोटी डॉलर भरले. पुढे एप्रिल २००३ मध्ये दहा पेढ्यांशी सुमारे १४० कोटी डॉलरांची तडजोड झाली. भागविक्रीच्या शुल्कापासून विश्लेषकाचे वेतन अलग करण्यात आले, आणि याच उपायाची चर्चा अधिक होते. प्रस्तुत लेखकास मात्र २००२ चा दुसरा नियम अधिक मूलगामी वाटतो. पेढीच्या एकूण अभिप्रायांत खरेदी, धारण व विक्री यांचे प्रमाण किती, हे प्रत्येक अहवालात नमूद करणे त्याने बंधनकारक केले. पहिला उपाय लेखकाचा हेतू शुद्ध करू पाहतो. दुसरा वाचकाच्या हाती ती व्यवस्थाच देतो, जिच्यावाचून शब्दाचे मूल्य कळत नाही. तथापि हे प्रमाण बहुधा अखेरीस, बारीक टंकात छापलेले असते. तेव्हा अशा अहवालाचे वाचन शेवटच्या पानापासून आरंभावे, हेच इष्ट.