घंटा कोणी ऐकली? : आर्थर पॉन्सनबी यांच्या एका ग्रंथाच्या निमित्ताने

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसे रेंगाळतात, तेव्हा पूर्वी पाऊसपाण्याच्या आणि लग्नकार्याच्या गोष्टी निघत. अलीकडे युद्धाच्या निघतात. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, २०२३ च्या ऑक्टोबरात इस्राएलवर हल्ला झाला आणि पाठोपाठ गाझात युद्धाचा आगडोंब उसळला. तेव्हापासून तर एकाच घरात बाप एका बाजूचा आणि मुलगा दुसऱ्या बाजूचा, असे चित्र आम्ही अनेक कुटुंबांत पाहिले आहे. वादाला तोंड फुटते ते न्याय-अन्यायावरून. पण थोड्याच वेळात न्याय बाजूला राहतो आणि 'हे तुला सांगितले कोणी?' या प्रश्नावर गाडी अडते. ज्याला जे मानायचे असते त्याच्या पदरी त्याला साजेसा पुरावा असतोच, आणि समोरच्याचा पुरावा बनावट ठरवायला फारसे श्रम पडत नाहीत. अखेर 'युद्धात सगळेच खोटे बोलतात' असे म्हणून दोन्ही पक्ष चहाला बसतात.

हे अखेरचे वाक्य शहाणपणाचे आहे की पळवाटेचे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचा विचार करताना जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा एक इंग्रजी ग्रंथ आम्हांला पुन्हा हाती घ्यावासा वाटला. आर्थर पॉन्सनबी यांचे 'फॉल्सहूड इन वॉर-टाइम' हे पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले. युद्धातील असत्यावर लिहिणारे लोक आजही त्याचा आधार घेतात, म्हणून त्याचे मोल नीट पारखून घेणे अगत्याचे आहे.

पॉन्सनबी हे राजदरबारी वातावरणात वाढलेले गृहस्थ. त्यांचे वडील राणी व्हिक्टोरियाचे खाजगी सचिव होते. १९१४ साली ब्रिटनने महायुद्धात उतरू नये असे सांगणाऱ्या मोजक्या संसद-सदस्यांपैकी ते एक, आणि १९१८ च्या निवडणुकीत त्यांना आपली जागा गमवावी लागली. युद्ध संपून दहा वर्षे लोटल्यावर त्यांनी त्या काळात पसरलेल्या खोट्या बातम्यांची एकेक करून झडती घेतली. त्यांतील काही उदाहरणे आजही अंगावर काटा आणतात. बेल्जियममध्ये जर्मन सैनिकांनी एका इंग्रज परिचारिकेचे हाल करून तिला ठार मारले, अशी बातमी १९१४ च्या सप्टेंबरात वृत्तपत्रांत झळकली. प्रत्यक्षात ती परिचारिका इंग्लंडमध्येच सुखरूप होती. तिच्या मृत्यूची हकिकत सांगणारी पत्रे तिच्याच धाकट्या बहिणीने रचली होती. १९१७ च्या एप्रिलमध्ये तर जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांच्या देहांपासून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात, असे लंडनच्या प्रतिष्ठित पत्रांनी छापले. मूळ जर्मन मजकुरातील 'काडाव्हर' हा शब्द त्या भाषेत सामान्यतः मेलेल्या जनावरासाठी वापरतात, ही साधी गोष्ट दुर्लक्षिली गेली. ही कथा निराधार असल्याचे ब्रिटिश सरकारने संसदेत मान्य केले ते १९२५ च्या डिसेंबरात, म्हणजे आठ वर्षांनी.

या ग्रंथाचा मोठा गुण असा की, लेखकाने मुख्यतः स्वतःच्या राष्ट्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. शत्रूचे खोटे उघडे पाडणे कोणालाही जमते. आपल्या माणसांचे खोटे चारचौघांत सांगायला निराळे धैर्य लागते, आणि ते पॉन्सनबींपाशी होते यात शंका नाही. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. शत्रूराष्ट्र हाही आपला शेजारीच, हे त्यांनी जणू गृहीत धरले आहे. या दृष्टीने हा ग्रंथ ख्रिस्ती वाचकाने वाचावा असाच आहे.

पण याच ग्रंथात एक लहानशी कथा आहे. तिच्यापाशी आम्ही थबकलो. १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियमचे अँटवर्प शहर जर्मनांच्या हाती पडले. पॉन्सनबी सांगतात की, या विजयाच्या बातमीने घंटा वाजवण्यात आल्या, एवढेच कोलोनच्या एका पत्राने लिहिले होते. त्या घंटा अर्थातच जर्मनीतल्या. पॅरिसच्या पत्राने ती बातमी उचलली, ती अशी की, अँटवर्पच्या धर्मगुरूंना घंटा वाजवणे भाग पाडण्यात आले. लंडनच्या पत्रात घंटा वाजवण्यास नकार देणाऱ्या धर्मगुरूंची हकालपट्टी झाली, मिलानच्या पत्रात त्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि बातमी पुन्हा पॅरिसला पोचली तेव्हा त्या बिचाऱ्या धर्मगुरूंना घंटेच्या लोलकाच्या जागी उलटे टांगण्यात आल्याचे छापून आले. बातमी कशी फुगते याचा याहून सुबक नमुना शोधूनही सापडणार नाही. म्हणूनच प्रचारतंत्रावरील किती तरी पुस्तकांनी ही कथा पॉन्सनबींच्या भरवशावर पुढे चालवली.

आणि घोटाळा नेमका येथेच आहे. पुढे अभ्यासकांनी त्या त्या वृत्तपत्रांचे जुने अंक धुंडाळले, तेव्हा तशा बातम्या त्यांत आढळल्या नाहीत. मित्रराष्ट्रांच्या वृत्तपत्रांची टर उडवण्यासाठी युद्धकाळातच जर्मन बाजूने रचलेली ती एक थट्टा होती. म्हणजे खोट्या बातम्यांचा पंचनामा करणाऱ्या ग्रंथाने स्वतःच एक खोटी बातमी खरी म्हणून नोंदवून ठेवली. पॉन्सनबींनी ती जाणूनबुजून घातली, असे आम्ही म्हणत नाही. त्यांची मनोभूमी तयार होती आणि हे बी त्या भूमीला मानवणारे होते, एवढेच.

ही चूक क्षुल्लक म्हणून सोडून देता आली असती, पण ग्रंथाच्या एका मोठ्या उणिवेशी तिचे नाते आहे. पॉन्सनबींचे पुस्तक वाचून संपवणाऱ्या वाचकाचा असा समज होतो की, बेल्जियममधील अत्याचार ही बव्हंशी वृत्तपत्रांची निर्मिती होती. वस्तुस्थिती तशी नाही. १९१४ च्या २३ ऑगस्टला दिनाँ या गावी जर्मन सैन्याने ६७४ नागरिकांना ठार मारले. २५ ऑगस्टच्या रात्री लुव्हेन येथील कॅथोलिक विद्यापीठाचे ग्रंथालय जाळण्यात आले आणि दोन लाखांहून अधिक ग्रंथांची राख झाली. जॉन हॉर्न आणि ॲलन क्रेमर या इतिहासकारांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रे तपासून २००१ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार बेल्जियम आणि फ्रान्समध्ये त्या काही महिन्यांत सुमारे ६,५०० नागरिक मारले गेले. त्यांत धर्मगुरूही होते, आणि कार्डिनल मर्सिए यांनी १९१४ च्या नाताळाच्या आपल्या परिपत्रात त्यांतील अनेकांची नावे जाहीरपणे नोंदवली होती. हात तोडलेली बालके खोटी होती, पण भिंतीशी उभे करून गोळ्या घातलेली माणसे खरी होती. खोट्याच्या ढिगाऱ्याखाली खरे गाडले गेले. तो ढिगारा उपसायला निघालेल्या पॉन्सनबींनी खाली कोणी पुरले गेले आहे काय, हे पुरेसे पाहिले नाही.

असत्याचा शोध कसा घ्यावा याचे अधिक समतोल नमुने त्याच युद्धात सापडतात, आणि त्यांतला एक आपल्या धर्मबंधूंचा आहे. बेल्जियन धर्मगुरू चर्चच्या मनोऱ्यांवरून बंदुका चालवतात, जखमी जर्मनांचे डोळे काढायला लोकांना चिथावतात, अशा कथा तेव्हा जर्मनीत घरोघर सांगितल्या जात होत्या. अमुक रुग्णालयात डोळे काढलेले सैनिक आहेत, असेही छातीठोकपणे सांगितले जाई. कोलोनच्या 'पाक्स' या कॅथोलिक धर्मगुरूंच्या संस्थेने त्या त्या रुग्णालयांना आणि अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारणा केली. असा एकही रुग्ण आमच्याकडे नाही, अशी उत्तरे आली. येशूसंघीय फादर बर्नहार्ड डूर यांनी अशा कथा एकत्र करून १९१५ साली, म्हणजे ऐन युद्धात, पुस्तकरूपाने त्यांचे खंडन केले. बिस्मार्कच्या अमदानीतील छळ जर्मन कॅथोलिक विसरले नव्हते. धर्मगुरूंची बदनामी थांबवण्यात त्यांचा स्वतःचा हितसंबंध होता, हे आम्ही लपवू इच्छित नाही. पण सांगणाऱ्याचा हितसंबंध आहे एवढ्यावरून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. त्यांनी रुग्णालयाला पत्र लिहिले, हे महत्त्वाचे.

दुसरा नमुना फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांचा. ते स्वतः त्या युद्धात लढले आणि १९२१ साली त्यांनी युद्धातील खोट्या बातम्यांवर एक निबंध लिहिला. त्यात एक साधी हकिकत आहे. त्यांच्या पलटणीने १९१७ साली एक जर्मन कैदी पकडला. तो ब्रेमेन शहराचा. फ्रेंच भाषेत या शहराचे नाव 'ब्रेम' आणि आघाडीमागच्या जवळच्या गावाचे नाव 'ब्रेन'. बघता बघता सैनिकांत बोलबाला झाला की, हा माणूस युद्धापूर्वी ब्रेन गावात दुकान थाटून बसलेला हेर होता! येथे कोणीही मुद्दाम खोटे बोलले नव्हते. हेर सर्वत्र पसरले आहेत अशी मनाची आधीच धारणा होती, आणि कानाने तिला हवे तेच ऐकले. बेल्जियन घरांच्या भिंतींत परांचीसाठी ठेवलेली छिद्रे जर्मन सैनिकांना बंदुकीसाठी पाडलेली भोके वाटली, हेही ब्लॉक नोंदवतात. त्या भासापायी निरपराध माणसे मेली. ब्लॉक यांच्या मते चुकीची बातमी पसरते ती समाजाच्या मनात तिच्यासाठी जागा तयार असते म्हणून. पॉन्सनबी फसवणारे शोधतात, तर ब्लॉक फसणाऱ्याचे मन शोधतात. आमच्या मते ब्लॉक यांचा मार्ग अधिक खोल जातो, कारण त्या शोधात शोधणाराही सुटत नाही.

सगळेच खोटे, ही वृत्ती निरुपद्रवी असती तर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. पण तिची किंमत पुढच्या पिढीने मोजली. यान कार्स्की हा पोलंडचा कॅथोलिक तरुण १९४२ साली वॉर्सॉच्या यहुदी वस्तीत चोरून शिरला, वेषांतर करून एका छावणीतही जाऊन आला आणि डोळ्यांनी पाहिलेले सांगण्यासाठी लंडन आणि अमेरिका गाठली. १९४३ च्या जुलैमध्ये त्याने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना सारे सांगितले. फ्रँकफर्टर स्वतः यहुदी होते. हा तरुण खोटे बोलतो असे त्यांचे म्हणणे नव्हते, पण त्यावर विश्वास ठेवणे आपल्याला शक्य नाही, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्याला विषारी वायूच्या कोठड्यांची माहिती वाचून मागच्या युद्धातील त्या चरबीच्या कारखान्याची आठवण झाली, आणि त्याने शंका नोंदवली. एकदा खोट्याने पोळलेले लोक खऱ्यालाही फुंकर घालू लागले होते.

कार्स्कीच्या साक्षीत एक चूकही होती. त्याने छावणीचे नाव बेल्झेक असे सांगितले. नंतरच्या संशोधकांच्या मते ती इझबिट्सा येथील जागा असावी. कोणी म्हणेल, नावच चुकले तर बाकीचे कसे मानावे? चारही शुभवर्तमाने श्रद्धेने वाचणाऱ्या आपल्या समाजाला याचे उत्तर परके वाटू नये. रिकाम्या कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या, हे चौघे निरनिराळे सांगतात, म्हणून कबर भरलेली ठरत नाही. तपशील चुकणे वेगळे आणि साक्ष खोटी असणे वेगळे. हा विवेक वादाच्या भरात पहिल्यांदा सुटतो.

उपवासकाळात आपण दानिएलाच्या ग्रंथातील सुसन्नेची कथा ऐकतो. आरोप करणारे दोघेही वडीलधारे आणि न्यायाधीश होते, म्हणून लोकांनी चौकशी न करता त्यांचा शब्द मानला. दानिएलाने त्यांची प्रतिष्ठा मोजली नाही, की वडीलधारे सगळेच लबाड असतात असेही म्हटले नाही. त्याने दोघांना वेगळे केले आणि विचारले, कोणत्या झाडाखाली? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने भलतेच. त्या एका प्रश्नाने एका निष्पाप स्त्रीचा जीव वाचला. पॉन्सनबींनी परिचारिकेच्या आणि कारखान्याच्या कथेला हा प्रश्न विचारला. घंटेच्या कथेला मात्र विचारला नाही, कारण ती त्यांच्या बाजूने साक्ष देत होती.

तेव्हा हा ग्रंथ वाचावा, पण त्याच्या गुणासह त्याची चूकही लक्षात ठेवावी, असे आमचे मत आहे. आवारातला वाद चालू राहील आणि तो चालू राहावाच. जेथे माणसे मरतात त्या गोष्टीवर धर्मग्रामाने गप्प बसणे बरे नव्हे. फक्त झाडाचा प्रश्न समोरच्याच्या बातमीला विचारण्याआधी आपल्या आवडत्या बातमीला विचारावा. आणि उत्तर मिळेपर्यंत 'सगळेच खोटे' म्हणून चहाला बसू नये. त्या वेळी कोठेतरी कोणी सुसन्ना आपली साक्ष कोणी ऐकेल काय, याची वाट पाहत उभी असते.