झाप लावलेलं घर

चार्ल्स रेनी मॅकिंटॉश हे नाव ऐकलं नसलं तरी त्याची एक खुर्ची तुम्ही बहुधा पाहिली असेल. काळी, सडपातळ, शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची. पाठ इतकी उंच की ही बसायला आहे की बघायला, असा प्रश्न पडावा. तिच्या नकला जगभरच्या कॅफेंमध्ये आहेत. मूळ खुर्ची ज्या घरासाठी केली ते हिल हाउस स्कॉटलंडमध्ये आहे, ग्लासगोच्या पश्चिमेला, क्लाइड नदी समुद्राला मिळते त्या बाजूच्या हेलन्सबरा नावाच्या गावात, चढावर. १९०२ साली काम मिळालं, १९०४ साली घर तयार झालं.

या घराच्या आतल्या भागावर भरपूर लिहिलं गेलंय. पांढरी बेडरूम, भिंतीवरचे स्टेन्सिलचे गुलाब वगैरे. मला बाहेरच्या भिंतीबद्दल लिहायचंय. हे घर सुंदर दिसतं ते त्या भिंतीमुळे, आणि मरायला टेकलं तेही तिच्यामुळेच.

ही भिंत रफकास्टची आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत खाली क्रिकेट खेळलेल्या मुलांना खडबडीत गिलावा काय असतो हे सोललेल्या कोपरावरून कळलेलं असतं. हा त्याचाच थोरला, जाड भाऊ. रेती आणि बारीक खडी चुन्यात किंवा सिमेंटमध्ये कालवायची, आणि ते मिश्रण थापीने सारवायच्या ऐवजी भिंतीवर फेकायचं. हो, अक्षरशः फेकायचं. फेकलेला माल दगडांच्या सांध्यांत जोरात घुसून बसतो. वर जो ओबडधोबड पृष्ठभाग तयार होतो, त्यावर पावसाचं पाणी एका धारेत वाहत नाही, अडखळत, फुटत उतरतं. शिवाय उंचसखल असल्यामुळे उघडा पृष्ठभाग वाढतो आणि भिंत लवकर वाळते.

स्कॉटलंडमध्ये याला हार्लिंग म्हणतात आणि ते तिथलं फार जुनं काम आहे. १६२६ साली पूर्ण झालेला क्रेगीव्हार किल्ला बघा (नेटवर फोटो मिळेल, गुलाबी आहे, केकसारखा दिसतो). हा गिलावा चुन्याचा असे, आणि यातच सगळी गोम आहे. चुना पाणी थोडं पितो आणि ऊन-वाऱ्यात परत सोडतो. तो स्वतः झिजतो आणि मागचा दगड वाचवतो. काही वर्षांनी नवा थर द्यायचा. पायपुसण्यासारखं काम, मानाचं नाही पण त्याशिवाय चालत नाही.

हिल हाउसचा मालक वॉल्टर ब्लॅकी हा प्रकाशक होता. जुन्या शाळांच्या लायब्रऱ्यांत ‘ब्लॅकी अँड सन’ची इंग्रजी पुस्तकं सापडतात, ज्यांवर लंडन आणि ग्लासगोच्या बरोबरीने ‘बॉम्बे’ छापलेलं असतं, तोच हा ब्लॅकी. त्याने पुढे मॅकिंटॉशच्या आठवणी लिहिल्या. त्यांत तो सांगतो की त्याला लाल कौलं, विटा, खोट्या लाकडी तुळया असलं काही नको होतं. भिंतींना करडं रफकास्ट, छपराला स्लेट, आणि जो काही परिणाम साधायचा तो नक्षीने नाही, आकारांच्या मांडणीने साधायचा. गिऱ्हाईकाने आर्किटेक्टला एवढं नेमकं सांगणं विरळाच. मॅकिंटॉशने शब्दन् शब्द ऐकला, आणि मग एक पाऊल पुढे गेला.

त्याला स्कॉटिश किल्ल्यांचं वेड होतं. १८९१ मध्ये, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्याने त्या वास्तुशैलीवर व्याख्यानच दिलं होतं. हिल हाउसचा कोपऱ्यातला गोल जिना, छोट्या खिडक्या, लांबच लांब कोऱ्या भिंती हे सगळं किल्ल्यांतून आलंय. पण किल्ल्याच्या भिंतीचा माथा दगडाने झाकलेला असतो, खिडकीखाली पाणी बाहेर टाकणारा दगड असतो. मॅकिंटॉशला या रेघा खुपल्या असाव्यात. त्याला अख्खं घर एकाच मातीतून घडवल्यासारखं हवं होतं. म्हणून त्याने बऱ्याच ठिकाणी कोपिंगचे दगडच गाळले. कठड्यांच्या माथ्यावर, धुराड्यांवर, त्रिकोणी भिंतींच्या तिरक्या कडांवर गिलावाच वळवून नेला. आणि त्यासाठी चुना न घेता त्या काळचं आधुनिक साहित्य घेतलं: पोर्टलँड सिमेंट.

मोबाइलवर या घराचा जुना फोटो बघितला तर भिंत गुळगुळीत वाटते, कागद घडी घालून उभा केल्यासारखी. या फोटोंमुळेच मॅकिंटॉशकडे आधुनिकांचा पूर्वज म्हणून बघायची सवय लागली असं मला वाटतं. झूम करा. तो कागद नाही, वाळूखडीचं कातडं आहे. तिरप्या उन्हात प्रत्येक खड्याची बारीक सावली पडते, त्यामुळे करडा रंग कधीच सपाट राहत नाही. एवढी मोठी कोरी भिंत कंटाळवाणी होत नाही ती या सावल्यांमुळे. हाच आकार गुळगुळीत सिमेंटमध्ये केला असता तर गोदाम दिसलं असतं.

पण घराला फोटोत राहून चालत नाही. क्लाइडवरून येणारा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. कोकणात याला झड म्हणतात. कडक सिमेंटला बारीक भेगा पडल्या. त्यांतून पाणी शिरलं आणि आतच अडकलं, कारण सिमेंट चुन्यासारखं श्वास घेत नाही. माथ्यावर कोपिंग नसल्याने तिथूनही शिरलं. शंभरेक वर्षं भिंती भिजत राहिल्या, डागडुजी होत राहिली. १९८२ पासून घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. पाण्यात टाकलेल्या ॲस्पिरिनच्या गोळीसारखं हे घर विरघळेल, ही उपमा त्यांच्याकडूनच आली.

याच काळात इंग्लंडमध्ये व्हॉयझी नावाचा आर्किटेक्ट रफकास्टचीच घरं बांधत होता. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून तो या गिलाव्याचा पुरस्कर्ता. पण त्याच्या घरांचं छप्पर टोपी कपाळावर ओढावी तसं भिंतीच्या पुढे येतं. खाली छान रुंद वळचण. व्हॉयझी मॅकिंटॉशपेक्षा मोठा कलावंत होता असं मी म्हणणार नाही. पागोळ्या कुठे पडणार याचा विचार मात्र त्याने केला होता.

२०१९ मध्ये ट्रस्टने हिल हाउसवर एक पेटी चढवली. कार्मोडी ग्रोर्क या लंडनच्या आर्किटेक्टांनी पोलादी सांगाडा उभारला, वर भक्कम छप्पर आणि चारी बाजूंनी स्टेनलेस स्टीलच्या कड्यांची जाळी, चिलखतासारखी. कड्या तीन कोटींहून जास्त. वारा आत जातो, पाऊस बराचसा बाहेर राहतो, आणि भिंती सावकाश वाळतात. सगळ्यांना हे अफाट वाटलं. मला ओळखीचं वाटलं. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात घराच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतात, तेच हे. कुणा आजीला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, एवढ्याला कड्या कशाला?

थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर ही पेटी म्हणजे हिल हाउसची आजवरची सर्वांत प्रामाणिक समीक्षा आहे. घर मोठं आहे हे ती मानते, नाहीतर एवढा खर्च कशाला? आणि घराला नेमकं काय कमी होतं तेही ती दाखवते, वळचण.

पुढचा प्रश्न खरा अवघड आहे. भिंती वाळल्यावर करायचं काय? सिमेंटचा थर मॅकिंटॉशचा म्हणून जपायचा? माझ्या मते नाही. गिलावा ही फेकायची आणि पुन्हा फेकायची गोष्ट आहे. त्याला मूळ प्रत म्हणून पुजणं म्हणजे पायपुसणं फ्रेम करणं. क्रेगीव्हारला विसाव्या शतकात सिमेंटचा गिलावा दिला होता, तो काढून पुन्हा चुन्याचा केला. किल्ल्याचं काही बिघडलं नाही, उलट सुटला. पण कोपिंगचं काय? ते बसवलं तर मॅकिंटॉशने मुद्दाम पुसलेल्या रेघा परत येतात आणि एकसंध आकार तुटतो. इथे मी अडखळतो. तरी शेवटी मत द्यायचं तर शिशाची पातळ पट्टी माथ्यावर येऊ द्यावी, खालून दिसली तरी. घराला एक रेघ सोसेल, ओल सोसणार नाही.

बिनगिलाव्याच्या दगडावर आपलं प्रेम फार असतं हेही यात आडवं येतं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जुन्या चर्चांचे, किल्ल्यांचे गिलावे ‘अस्सल’ दगड दिसावा म्हणून खरवडले गेले. उलटही झालं: १९९९ मध्ये स्टर्लिंग किल्ल्यातला ग्रेट हॉल चुना फासून पूर्वीसारखा फिकट सोनेरी केला, तर करड्या दगडाची सवय झालेले लोक हबकले.

हे सगळं परक्यांचं वाटत असेल तर जुन्या गोव्याला जा. बॉम जेझूस बासिलिका, काम सुरू १५९४. तिची लालसर जांभ्याची भिंत आपल्याला पुरातन वाटते, सेल्फीला तर उत्तमच. मुळात तिला चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज आर्किटेक्टने तो काढवला. म्हणजे आपण बघतो ते ‘प्राचीन’ रूप आपल्या आजोबांच्या वयाचंही नाही. सच्छिद्र जांभा तेव्हापासून गोव्याचा पावसाळा थेट अंगावर घेतोय. गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद चालू आहे, आणि विरोधातलं एक म्हणणं असं की लोकांना ती लालच ओळखीची आहे.

हिल हाउसच्या पेटीत जिने आणि पूल आहेत. त्यांवरून चढून माणसं घराच्या छपराच्या वर जातात, जिथून हे घर बघावं असं मॅकिंटॉशच्या मनातही नसेल. तिथून धुराड्यांचे माथे दिसतात, आणि कोपिंग नसलेल्या कडा.