घरभेद्याची शोकांतिका

युद्ध जिंकलेल्या देशाला भय कशाचे? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न पडतो. शहरे शाबूत होती, कारखाने भरात होते, अणुबाँब हाताशी होता. तरीही १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची चौकशी करण्याचा हुकूम काढला आणि पुढे कित्येक वर्षे माणूस माणसाकडे संशयाने पाहू लागला. ‘कम्युनिस्ट कोण?’ हा पहिला प्रश्न, ‘परका कोण?’ हा त्याचा पाठचा भाऊ. १९५२ साली काँग्रेसने ट्रूमन यांचा नकार झुगारून मॅकॅरन-वॉल्टर कायदा संमत केला. माणसे घ्यायची ती जन्मभूमी पाहून, ही जुनी रीत त्याने कायम ठेवली. ब्रिटनला वर्षाला ६५ हजारांवर जागा, इटलीला ६ हजारांच्या आत, आणि आपल्या भारताला अवघ्या १००! त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षे अमेरिकेत काढलेला चार्ली चॅप्लिन जहाजाने लंडनला निघाला असता त्याचा परतीचा परवाना रद्द झाला. तो अखेरपर्यंत ब्रिटिश नागरिकच राहिला होता, हेही त्याच्या विरुद्ध गेले.

या काळाचे नाटक म्हटले की जाणकार आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’चे (१९५३) नाव घेतात. माझे मत थोडे वेगळे आहे. ‘क्रूसिबल’मधला चेटकिणींचा छळ सतराव्या शतकातला, तो पाहताना प्रेक्षक आपोआप न्यायासनावर बसतो. मिलर यांचेच ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’ आपल्याला असा उंच आसनाचा मान देत नाही. १९५५ साली न्यूयॉर्कला ते एकांकी म्हणून आले, १९५६ साली लंडनच्या प्रयोगासाठी दोन अंकी झाले. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याने शब्दकोश उशाशी ठेवून ते वाचले, आणि कोश मिटल्यावरही ते काही मिटेना. कारण त्यातली भीती दरबारात नव्हे, स्वयंपाकघरात येऊन बसते.

ब्रुकलीनच्या रेड हुक वस्तीतला एडी कार्बोन हा मूळचा इटालियन गोदी कामगार. पत्नी बीट्रिस, आणि तिच्या मयत बहिणीची मुलगी कॅथरीन. तिला एडीने पोटच्या पोरीसारखे वाढवले आहे. बीट्रिसच्या नात्यातले मार्को आणि रोडॉल्फो हे दोघे भाऊ पोटासाठी इटलीहून चोरून येतात. मार्कोची तीन मुले मागे आहेत, त्यांतला थोरला आजारी. एडी या दोघांना घरात आसरा देतो, आणि तो आपला मान समजतो.

पुढे कॅथरीनचे मन रोडॉल्फोवर जडते. एडीच्या मायेत त्याला स्वतःलाही ज्याचे नाव घेववत नाही असे काही मिसळलेले आहे; ते डिवचले जाते. मग तो पाहुण्यात खोडी शोधू लागतो. हा गातो काय, स्वयंपाक करतो काय, पोरीचा झगा शिवतो काय! हा लग्न करतो तो नागरिकत्वासाठी! परक्याविरुद्धचा द्वेष सहसा असाच जन्मतो. आधी मनातली जखम, मग तिच्यासाठी शोधलेले कारण.

एडी वकील अल्फिएरीकडे जातो. पोरीचे लग्न कायद्याने थांबवता येत नाही. कायद्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे, वकील सांगतो: ही माणसे देशात शिरली कशी? माझ्या मते सारे नाटक या वाक्यावर उभे आहे. एडीचे दुःख ऐकायला सरकारपाशी कान नाही; चहाडी ऐकायला मात्र टेलिफोन तयार आहे. मी शाळामास्तर आहे. वर्गातली काच कोणी फोडली असे विचारले की पहिला हात वर होतो तो पुष्कळदा जुना हिशेब चुकवणाऱ्या मुलाचा असतो. असे हात वर व्हावेत म्हणून जे सरकार दिवसरात्र प्रश्न विचारत बसते, ते देशाचे रक्षण करत नाही. घरोघरीच्या हेव्यादाव्यांना सरकारी शिक्का पुरवते.

एडी अजाण नाही. आपल्याच मामा-काकाची खबर देणाऱ्या एका पोराची वस्तीने काय गत केली, हे आरंभी त्याच्याच घरात बोलले जाते. तरी तो फोन करतो. आणि जाळे एकदा टाकल्यावर त्यात कोण सापडावे हे टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही. त्याच घरात आसऱ्याला आलेली, त्याने नेमही न धरलेली दुसरी दोन माणसेही पकडली जातात. मार्को एडीच्या तोंडावर थुंकतो. एडीने आपल्या मुलांचा घास काढून घेतला, एवढेच त्याला कळते.

नाटकात उणीव नाही असे नाही. अल्फिएरी फार बोलतो. जे डोळ्यांना दिसले तेच पुन्हा कानात सांगतो. सरकार इथे केवळ दोन अधिकाऱ्यांच्या रूपाने येते आणि काम आटोपून निघून जाते, म्हणून कोणी म्हणेल की नाटककाराने राज्यकर्त्यांना सोडून दिले. मला ते तसे वाटत नाही. अधिकारी क्रूर नाहीत, हीच तर धास्तीची गोष्ट आहे.

मिलर यांनी हे सारे जवळून पाहिले होते. त्यांच्या दोन गाजलेल्या नाटकांचे दिग्दर्शक, त्यांचे मित्र एलिया कझान यांनी १९५२ साली चौकशी समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली. १९५६ साली मिलर यांना बोलावले, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांची नावे सांगायला नकार दिला. १९५७ साली ते दोषी ठरले आणि १९५८ साली अपिलात सुटले. अशा माणसाने खबऱ्याला राक्षस रंगवले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी एडीला माणूस ठेवले. गेलेले नाव परत मागत तो मार्कोसमोर उभा राहतो आणि स्वतःच्याच सुऱ्याने मरतो, तेव्हा आपल्याला त्याची घृणा येते आणि कीवही.

देशवार जागांची ती रीत १९६५ साली मोडली, ती समितीही १९७५ साली संपली. मात्र कायद्याच्या पोथीत एडीचा अपराध तेव्हाही नव्हता. त्याने फक्त खरी माहिती दिली होती. ज्या घरात आपण पाहुण्याला पान वाढले, त्या घरातून ती माहिती देताना आपण कोणाची चाकरी करतो, हे मिलर विचारतात. सणासुदीला घर भरलेले असताना मोठ्यांनी हे नाटक जरूर वाचावे.