‘जातीच्या कारणावरून’ : अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

कायद्याची समीक्षा करताना आपल्याकडे बहुधा दोन प्रश्न विचारले जातात. कायदा पुरेसा कठोर आहे काय, आणि त्याची अंमलबजावणी होते काय? हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु त्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. कायदा पीडिताकडून नेमके काय सिद्ध करून मागतो, हा तो प्रश्न होय. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ या कायद्याचे यशापयश आमच्या मते फार मोठ्या प्रमाणात या प्रश्नावर अवलंबून राहिले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात संपूर्ण कायद्याचा आढावा न घेता त्यातील केवळ एका शब्दप्रयोगाचा विचार आम्ही करीत आहोत.

हा अधिनियम ३० जानेवारी १९९० रोजी अमलात आला. त्यातील सर्वांत कठोर तरतुदींपैकी एक कलम ३(२)(पाच) मध्ये आहे. भारतीय दंड संहितेनुसार दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेला गुन्हा, म्हणजे खून, बलात्कार यांसारखा गुन्हा, अनुसूचित जातीजमातीबाहेरील व्यक्तीने अनुसूचित जातीच्या वा जमातीच्या माणसाविरुद्ध, तो त्या जातीजमातीचा आहे ‘या कारणावरून’ केला असेल, तर त्यास आजन्म कारावासाची शिक्षा सांगितली होती. वाचताना हे शब्द सरळ वाटतात. परंतु पुढील पंचवीस वर्षे न्यायालयाच्या दारात पीडिताला अडविण्याचे काम याच शब्दांनी केले. खून सिद्ध झाला, आरोपी सिद्ध झाले, मृताची जातही सिद्ध झाली; पण ‘कारण’ सिद्ध झाले नाही, असे निर्णय येत राहिले.

आधीच्या कायद्यात काय होते?

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण गुन्हा ठरविले. या अनुच्छेदाला बळ देण्यासाठी अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, १९५५ आला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्या कायद्याच्या शिक्षा सौम्य होत्या, हे खरे. परंतु त्याच्या बाराव्या कलमात एक मोठे शहाणपण होते. त्या कायद्याखालील गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नसेल तर ते उलट पक्षाने सिद्ध करावे, अशी ती तरतूद आहे. पाणवठ्यावरून हाकलून देणारा माणूस हाकलण्याचे कारण लिहून देत नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी पुराव्याचा भार उलट बाजूवर टाकला.

१९८९ च्या कायद्याने शिक्षा वाढविल्या, गुन्ह्यांची यादी वाढविली. परंतु सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठी हे गृहीतक मात्र आणले नाही. विहिरीवर अडविले तर कारण गृहीत, आणि माणूस ठार मारला तर कारण सिद्ध करून दाखवा, अशी ही विपरीत स्थिती होती.

बौद्धांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान नव्हते. ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जवळजवळ चौतीस वर्षे केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने बौद्ध माणूस अनुसूचित जातीचा नव्हता, आणि बाराव्या कलमाचे गृहीतकही त्याच्यासाठी नव्हते. गावाने मात्र त्याला वेगळे मानले नाही. दीक्षा घेणाऱ्याने जात सोडली होती. त्याच्यावर काठी उगारणाऱ्याने ती सोडली नव्हती. जात पीडिताच्या कागदात शोधायची की अत्याचार करणाऱ्याच्या मनात, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

खैरलांजीचा धडा

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. त्याआधी त्याच महिन्यात झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात आई व मुलीने साक्ष दिली होती. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे हत्याकांड घडले. कुटुंबाच्या शेतातून रस्ता काढण्याचा जुना वादही होता.

भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व आठ जणांना पंचवीस वर्षांचा कारावास ठरविला. परंतु दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाल्याचे मान्य केले नाही. साक्ष दिल्याचा सूड, हे हत्येचे कारण मानले गेले.

या निर्णयाविषयी समाजात जो संताप उसळला, तो अनाठायी नव्हता. परंतु संताप व्यक्त करून थांबणे हे समीक्षकाचे काम नव्हे. या युक्तिवादात दोष कोठे आहे, ते दाखविले पाहिजे. आमच्या मते दोष असा आहे की, ‘सूड’ आणि ‘जात’ ही दोन परस्परांना वगळणारी कारणे मानली गेली. सूड असेल तर जात नाही, जमिनीचा वाद असेल तर जात नाही, असा हा तर्क आहे. वास्तविक सूड कोणाचा, कशासाठी आणि कोणत्या पद्धतीने घेतला, हे विचारताच जात समोर येते. साक्ष देणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, किंबहुना ते कर्तव्य आहे. बौद्ध स्त्रियांनी ते बजावले हेच ज्यांना असह्य झाले, त्यांच्या सुडातून जात बाजूला काढता येते काय?

१९८९ च्या कायद्याच्या मूळ मजकुरातच या तर्काला उत्तर आहे, हे विशेष होय. त्याच्या आठव्या कलमात असे म्हटले आहे की, जमावाने केलेला गुन्हा हा जमिनीविषयीच्या वा अन्य कोणत्याही आधीच्या वादाचा परिणाम असल्याचे सिद्ध झाले, तर तो समान उद्देशाने केला गेला असे न्यायालयाने गृहीत धरावे. अत्याचार हे जमिनीच्या वादातून जन्मतात, हे कायद्याने स्वतःच ओळखले होते. जो वाद कायद्याच्या लेखी अत्याचाराची पार्श्वभूमी आहे, तोच वाद अत्याचार नाकारण्याचा आधार व्हावा, ही मोठी विसंगती आहे.

बाबासाहेबांची कसोटी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या १९४७ च्या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची योजना मांडली होती. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे. बहिष्कार म्हणजे काय, हे त्यांनी कृतींच्या आधारे सांगितले: जमीन वा घर न देणे, व्यवहार तोडणे, कामास न ठेवणे, नेहमीचे संबंध बंद करणे, हक्क बजावताना त्रास देणे. आणि कारणाची कसोटी त्यांनी अशी ठेवली की, एखाद्या माणसाने कायद्याने त्याला मुभा असलेली गोष्ट केली म्हणून त्याच्यावर बहिष्कार घातला गेला काय?

ही कसोटी अत्याचाराला लावून पाहावी. ‘आरोपीच्या मनात द्वेष होता काय’ या प्रश्नाच्या जागी ‘पीडित कोणता कायदेशीर हक्क बजावीत होता’ हा प्रश्न येतो. मनाचा ठाव घ्यावा लागत नाही. हक्क आणि त्यानंतरची कृती यांचा क्रम दाखविला की पुरे होते. साक्ष, कसलेली जमीन, शिकणारी मुले या साऱ्या दिसणाऱ्या व सिद्ध करता येणाऱ्या गोष्टी आहेत.

येथे कोणी म्हणेल की, बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटले आहे; मग हेतूचा शोध घेणे चुकीचे कसे? आक्षेप योग्य आहे. विनयातही भिक्खूच्या हातून प्रमाद घडला असता त्याचे चित्त काय होते, हे त्यालाच विचारले जाते. परंतु तेथे विचारला जाणारा माणूस सत्य सांगण्यास बांधलेला आहे. संघाची शुद्धी त्याच्या प्रामाणिक उत्तरावर उभी आहे. फौजदारी न्यायालयातील आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे, आणि तो असलाच पाहिजे. म्हणून तेथे चेतना ओळखावयाची ती कृतीवरून, प्रसंगावरून आणि आधीच्या घटनांवरून. हेतू नको असे आम्ही म्हणत नाही. तो आरोपीच्या तोंडून उच्चारलेल्या शब्दांतच शोधू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुरुस्ती आणि तिच्यानंतर

संसदेने ही उणीव काही प्रमाणात दूर केली. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ३(२)(पाच) मधील ‘या कारणावरून’ हे शब्द जाऊन, पीडित अनुसूचित जातीजमातीचा आहे हे ‘माहीत असून’ अशा अर्थाचे शब्द आले. आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे गृहीत धरण्याची तरतूदही आठव्या कलमात आली. आंध्र प्रदेशातील एका दृष्टिहीन दलित युवतीवरील बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी या बदलाची दखल घेतली. जात हे गुन्ह्याचे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी ते एक असले तरी पुरे, असेही स्पष्ट केले. मात्र घटना दुरुस्तीपूर्वीची असल्याने, बलात्काराची जन्मठेप कायम ठेवूनही, अत्याचार कायद्याखालील दोषसिद्धी पुराव्याअभावी रद्द झाली.

परंतु एका कलमातून गेलेले शब्द दुसऱ्या दाराने परत येत आहेत. जाणीवपूर्वक अपमानाच्या कलमात, म्हणजे ३(१)(आर) मध्ये, ‘या कारणावरून’ हे शब्द नाहीत. तरीही ५ नोव्हेंबर २०२० रोजी उत्तराखंडातील एका प्रकरणात, वाद जमिनीचा आहे आणि घटना घराच्या चार भिंतींच्या आतील आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाखालील आरोप रद्द केला. २३ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयात तर, पीडिताची जात माहीत असणे पुरेसे नाही, अपमान जातीमुळे झालेला असला पाहिजे, असे म्हटले गेले. प्रत्येक भांडणाला अत्याचाराचे रूप येऊ नये, ही न्यायालयाची चिंता निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु याच चिंतेतून २० मार्च २०१८ रोजी अटकेपूर्वी चौकशी व परवानगीची बंधने आली होती. ती संसदेला त्याच वर्षी कायदा करून दूर करावी लागली, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही आपले निर्देश मागे घेतले. हा इतिहास विसरता येत नाही.

फिर्यादीच्या कागदावर

या साऱ्याचा परिणाम पोलीस ठाण्यात दिसतो. कायदा ‘कारण’ मागतो म्हणून फिर्यादीत ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ हे एक वाक्य घातले जाते. शेकडो फिर्यादींत तेच वाक्य तशाच शब्दांत दिसले की न्यायालय त्याच्याकडे संशयाने पाहू लागते. खरी घटना त्या साचेबंद वाक्याखाली दडपली जाते. आणि शिवी दिली गेलीच नसेल, मुकाट्याने पीक पेटविले गेले असेल, तर फिर्यादीत लिहिण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागते. अशा रीतीने जात ही व्यवस्था न राहता केवळ एक शब्द होऊन बसते.

म्हणून विहारांतून व संस्थांतून काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो. जबाब नोंदविताना शिवी झाली असेल तर ती जशीच्या तशी लिहावी, नसेल तर लिहू नये. पण त्याहून अधिक काळजीने घटनेपूर्वीचा क्रम लिहावा: कोणत्या हक्कावरून वाद सुरू झाला, आधी कोणत्या तक्रारी दिल्या, कोणी काय धमकी दिली, गावात इतरांना तसाच हक्क विनाअडथळा मिळतो काय, आरोपी कुटुंबाला किती वर्षांपासून ओळखतात. शेवटची बाब आठव्या कलमासाठी अत्यंत आवश्यक आहे. हा तपशील पहिल्याच दिवशी कागदावर आला नाही, तर पुढे तो वकिलाच्या युक्तिवादात कितीही प्रभावीपणे मांडला तरी त्याला पुराव्याचे वजन येत नाही.

जात ही मनोवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात सांगून ठेवले. तिचा पुरावा मात्र जमिनीच्या उताऱ्यावर, साक्षीच्या नोंदीवर आणि जुन्या तक्रारअर्जांवर सापडतो. तो गोळा करण्याचे काम खटला उभा राहण्यापूर्वी आपल्याला करावयाचे आहे.