अधिवास आणि आख्यान : ईडिथ व्हॉर्टनच्या कथात्म साहित्यातील परदेशस्थ घटस्फोट

ईडिथ व्हॉर्टन (१८६२-१९३७) हिच्या कथात्म साहित्याचा विचार बहुधा ‘समाजरीतींची कादंबरी’ या वर्गनामाखाली केला जातो. व्यक्तीची आकांक्षा आणि समाजाची रूढी यांतील संघर्ष हे तिचे मध्यवर्ती आशयसूत्र मानले जाते. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. तिच्या तीन महत्त्वाच्या संहितांत घटस्फोटाचा प्रश्न परक्या देशाशी जोडलेला आहे, आणि तेथे व्यक्ती व समाज या दोन पदांखेरीज कायदा हे तिसरे पद आख्यानात शिरते. कोणत्या देशाचा कायदा, कोणाचा अधिवास, अपत्यावर कोणाचा हक्क, हे प्रश्न या संहितांत पार्श्वभूमीपुरते राहत नाहीत; कथानकाची रचनाच त्यांच्या आधारे उभी राहते. परदेशस्थ व्यक्तीला कायदा वाचता येतो, पण त्यामागची रूढी वाचता येत नाही, आणि या अर्धसाक्षरतेतूनच शोकात्मता जन्म घेते, असे व्हॉर्टनचे सूत्र मांडता येईल.

येथे चरित्राचा मोह आवरणे आवश्यक आहे. अमेरिकन नागरिक असलेल्या व्हॉर्टनने एप्रिल १९१३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात घटस्फोट मिळवला. १८८५ मध्ये झालेला तिचा विवाह असा परक्या भूमीवर संपुष्टात आला, आणि त्याच वर्षी ‘द कस्टम ऑफ द कंट्री’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. या योगायोगावरून कादंबरीला आत्मचरित्राचे रूपांतर ठरवणे सोपे आहे. परंतु परदेशातील घटस्फोटाची सर्वांत भेदक मांडणी करणारी ‘मादाम द त्रेम’ ही दीर्घकथा १९०७ ची, म्हणजे त्या घटनेच्या सहा वर्षे आधीची आहे. शिवाय तिच्या केंद्रस्थानी अपत्याचा ताबा आहे, आणि व्हॉर्टनला अपत्य नव्हते. अनुभवातून कलाकृती उगवली, हा अन्वय येथे टिकत नाही.

‘मादाम द त्रेम’ची नायिका फॅनी ही मूळची न्यूयॉर्कची, फ्रेंच सरदारघराण्यात दिलेली आणि पतीपासून विभक्त झालेली. जॉन ड्युरॅम या अमेरिकन गृहस्थाला तिच्याशी विवाह करायचा आहे. फ्रान्समध्ये १८१६ साली रद्द झालेला घटस्फोट १८८४ च्या कायद्याने पुन्हा प्रस्थापित झाला होता. त्यामुळे कागदोपत्री मार्ग मोकळा आहे. भय आहे ते कॅथलिक सासरच्या विरोधाचे. म्हणून ड्युरॅम नणंदेकडे, म्हणजे मादाम द त्रेमकडे जातो, आणि आश्चर्य असे की ते कुटुंब विरोध करीत नाही. वाचकही ड्युरॅमबरोबर निःश्वास टाकतो. मग उलगडा होतो. कथेत गृहीत धरलेल्या कायद्याप्रमाणे फॅनीने पुनर्विवाह केला की मुलगा पित्याच्या घराण्याकडे जाणार आहे. विरोध न करणे हाच सापळा होता. हे फॅनीला सांगावे तर ती विवाहाला नकार देणार. न सांगावे तर फसवणुकीच्या पायावर संसार उभा राहणार.

या कथेत नकार कोठेच नाही. साऱ्या परवानग्याच आहेत. सामान्यतः अडथळ्यावर उभे राहणारे प्रेमकथेचे कथानक व्हॉर्टनने संमतीवर उभे केले आहे. निवेदनाचा दृष्टिकोन ड्युरॅमपुरता मर्यादित ठेवण्याचे कारणही येथेच सापडते. परक्या माणसाला जेवढे कळते तेवढेच वाचकाला कळावे, आणि उशिरा कळावे, ही या विषयाचीच मागणी आहे. तंत्र आणि आशय यांना येथे वेगळे काढता येत नाही.

‘द कस्टम ऑफ द कंट्री’मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने येतो. अन्डीन स्प्रॅग कायद्याला भीत नाही. एका राज्यात अडले तर दुसरे गाठावे, इतकाच तिच्या लेखी त्याचा अर्थ आहे. तिचा अमेरिकन घटस्फोट अमेरिकेपुरता पूर्ण आहे. परंतु रेमाँ द शेल या कॅथलिक सरदाराशी विवाह करण्यासाठी तो निरुपयोगी ठरतो, कारण चर्चच्या दृष्टीने ती अद्याप राल्फ मार्व्हेलची पत्नीच असते. पुत्राच्या ताब्याचा ती दबावासाठी वापर करते. राल्फ आत्महत्या करतो. आणि घटस्फोटाने न मिळालेले स्वातंत्र्य तिला वैधव्याने मिळते. पुढे शेलपासूनची सुटका रेनोत होते. अखेरीस लहानगा पॉल वृत्तपत्रांची कात्रणे चाळताना या घटस्फोटाची हकीकत जाणून घेतो, आणि त्याच्या ध्यानात येते की फ्रेंच पित्याविषयी आईने न्यायालयात जे सांगितले ते खरे नव्हते. न्यायालयाने मान्य केलेले ‘सत्य’ एका बालकाच्या साक्षीने खोटे ठरते. संपूर्ण कादंबरीतील उपहास या प्रसंगात गळून पडतो.

‘द एज ऑफ इनोसन्स’ (१९२०) मध्ये परदेश म्हणजे स्वतःचेच शहर. पोलिश काउंटला सोडून न्यूयॉर्कला परतलेली एलेन ओलेन्स्का घटस्फोट मागते. तिला परावृत्त करण्याचे काम वकील असलेल्या न्यूलंड आर्चरकडे येते, आणि तो ते पार पाडतो. कायदा काय देऊ शकतो हे एलेनला ठाऊक आहे. आपल्या माणसांत तो वापरायचा नसतो, हे तिला ठाऊक नाही. फॅनी फ्रान्समध्ये परकी होती, एलेन माहेरी परकी आहे. परकेपणा हा भूगोलाचा धर्म नसून संकेतव्यूहाच्या अज्ञानाचा धर्म आहे, हे येथे सिद्ध होते.

मात्र व्हॉर्टनच्या दृष्टीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिची सहानुभूती त्याग करणाऱ्या स्त्रीच्या पारड्यात पडते. फॅनी आणि एलेन यांना नैतिक उंची लाभते. घटस्फोट प्रत्यक्षात आणणारी अन्डीन उपहासाची धनी होते. स्वतः न्यायालयाची पायरी चढलेल्या लेखिकेला, घटस्फोट घेऊनही प्रतिष्ठेने जगणारी नायिका या तीन संहितांत उभी करता आली नाही. हे मौनही वाचले गेले पाहिजे.

मराठी वाचकाला हा पेच दूरचा वाटण्याचे कारण नाही. १९९१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. विवाह १९७५ मध्ये तिरुपतीला हिंदू पद्धतीने झालेला. पतीने नव्वद दिवसांच्या वास्तव्याच्या आधारे अमेरिकेतील मिसूरी राज्यात घटस्फोट मिळवलेला. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, आणि त्या कायद्याप्रमाणे अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयाने दिलेला तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. मिसूरीत तुटलेला विवाह भारतात अखंड राहिला. अन्डीनच्या दोन घटस्फोटांमधील दरी ती हीच.

परदेशस्थ मराठी जीवनावरील कथा-कादंबऱ्यांचे परिशीलन करताना ‘दोन संस्कृतींतील ओढाताण’ हे सूत्र समीक्षा सहजपणे हाती घेते. या सूत्रात कायद्याला स्थान नाही. त्यामुळे पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेली पत्नी, दोन देशांत दोन वैवाहिक दर्जे बाळगणारी स्त्री, ताब्याच्या वादातील मूल ही पात्रे केवळ भावविवश ठरतात. व्हॉर्टनच्या वाचनातून लाभणारा धडा असा की अशा पात्राच्या अंतःकरणात डोकावण्यापूर्वी ते कोणत्या कायद्याच्या छपराखाली उभे आहे, हे समीक्षकाने पाहावे. फॅनीचे दुःख मनाचे होते. पण ज्या भिंतीवर ते आदळले, ती भिंत मनाची नव्हती.