बालवस्त्रांतील स्मृती आणि तिची नक्कल

तान्ह्या मुलाच्या अंगावर चढणारे पहिले वस्त्र ते मूल स्वतः निवडीत नाही, आणि पुढे त्याला त्याची आठवणही राहत नाही. ते निवडतात, शिवतात आणि ट्रंकेत जपून ठेवतात ती घरची वडील माणसे. म्हणजे बालवस्त्रांत जी स्मृती वावरते, ती मुलाची नसून मोठ्यांची असते. अलीकडे आजीच्या काळाची आठवण देणारी अशी म्हणून जी तयार बालवस्त्रे बाजारात हौसेने मांडली जातात, त्यांचा विचार करताना हे मूळ सत्य प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. त्या वस्त्रांचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्याच पोटी जन्मतात.

हा प्रश्न भोपाळसारख्या नगरीत विशेष जाणवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरचे राजधानीपण गेले. त्यानंतर कचेऱ्यांबरोबर नागपूर-विदर्भाकडची अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार येथील जुन्या मराठी घराण्यांतील मंडळीही नोकरीनिमित्त येऊन वसली. तात्या टोपे नगरासारख्या नव्या वसाहतींत त्यांचे संसार उभे राहिले. आज त्या घरांतील तिसरी-चौथी पिढी शाळेत आणि अंगणात हिंदी बोलते. मराठीपण उरले ते सणावारांत, स्वयंपाकघरात आणि बारशाच्या दिवशी कपाटातून निघणाऱ्या चार कपड्यांत. अशा ठिकाणी कुंची ही केवळ कुंची राहत नाही. तिच्यावर एका घराण्याच्या ओळखीचा भार पडतो.

पूर्वीचा बाळंतविडा कसा असे, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अंगडे, टोपडे, झबली, लंगोट, दुपटी आणि पाठीवर झूल सोडलेली कुंची. यांपैकी खणाची किंवा रेशमी कुंची मिरवण्याची. बाकीचे बहुतेक कपडे जुनेराचे. आजीचे नऊवारी लुगडे शंभर वेळा धुऊन सायीसारखे मऊ झाले, की त्याची दुपटी व्हावयाची. यात काटकसर होती, तसेच शहाणपणही होते: नव्या कापडाची खळ आणि खरखर कोवळ्या कातडीला सोसत नाही. दुपट्याची स्मृती त्याच्या नक्षीत नव्हती. ती त्या कापडाच्या वापरात होती. ज्या लुगड्याला बिलगून बाप लहानाचा मोठा झाला, त्याच लुगड्यात त्याचे मूल गुंडाळले जाई. तेथे आठवण मुद्दाम दाखवावी लागत नसे.

आपल्या धर्माचारानेही या वस्त्राचा मान राखला आहे. रामनवमीच्या माध्यान्ही कित्येक ठिकाणी नारळालाच कुंची घालून पाळण्यात ठेवतात आणि पाळणा म्हणतात. नारळाला कुंची चढताच तो बालक होतो! जन्मोत्सवाच्या या प्रसंगी देवालाही घरचाच पोशाख द्यावा, ही जी भावना आहे, तीच घरोघरीच्या बाळकृष्णासाठी वीतभर वस्त्र शिवणाऱ्या हातांत असते. वस्त्राचे मोल त्याच्या मागील हातांवरून ठरते, हा धडा देवघरानेच आपणांस दिलेला आहे.

आता बाजारातील माल पाहू. मुलींसाठी शिवलेले नऊवारी असते; कमरेला इलॅस्टिक, काष्टा आधीच टाचलेला, काठाला चकचकीत कृत्रिम जर. मुलांसाठी तयार धोतर. कुंची असते, पण बहुधा कृत्रिम साटिनची, हवा न खेळणारी. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळे झबले मिळते. त्यावर हलव्याच्या दागिन्यांचे चित्र छापलेले असते. आईने किंवा मावशीने रात्र जागून खऱ्या हलव्याचा हार ओवावा, त्याऐवजी हे छापील दागिने! येथे आमचा आक्षेप सुरू होतो. या वस्त्रांनी आठवणीचा आकार तेवढा उचलला. तिचे कापड आणि तिचे श्रम दोन्ही मागे ठेवले. असे वस्त्र एकदा छायाचित्रापुरते नेसवले जाते, मूल रडू लागते, आणि ते घडी होऊन कपाटात जाते. मुलाचा पोशाख नाटकातल्या सोंगाचा होतो.

तथापि या वस्त्रांची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आजची आई नोकरी करते, आजी नऊवारी नेसत नाही, आणि कपाटातील कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे जुनेर कितीही धुतले तरी सुती लुगड्यासारखे घाम टिपणारे होत नाही. ज्या झऱ्यातून जुनी बालवस्त्रे येत, तो झराच आटला आहे. अशा वेळी दुकानातून कुंची विकत घेणाऱ्या आईला नावे ठेवणे हा अन्याय होईल. इलॅस्टिकलाही आमचा विरोध नाही. नाडीपेक्षा ते सोयीचे असेल तर खुशाल असावे. प्रश्न नव्या साधनांचा नाही. ती साधने कशाच्या सेवेस लावली, याचा आहे.

मोठ्यांनी आपले बालपण मुलांच्या अंगावर चढवावे, ही हौस केवळ आपलीच नाही. इंग्रज चित्रकर्त्री केट ग्रीनअवे (१८४६–१९०१) हिची आई मुलांच्या कपड्यांचे दुकान चालवी, आणि लहानपणी काही काळ ती रोलस्टन या खेड्यात राहिली होती. पुढे तिने आपल्या पुस्तकांत मुले रंगविली ती आजीच्या पिढीच्या पोशाखात. त्यासाठी ती स्वतः कपडे शिवून समोरच्या मुलांना घाली. ती चित्रे इतकी लोकप्रिय झाली, की लंडनच्या लिबर्टी पेढीने त्यांवरून मुलांचे कपडे तयार केले. ग्रीनअवेच्या हातून जे झाले ते आठवणीतून झाले, पेढीचे काम चित्रावरून. तरीही ते कपडे रुचले, कारण त्यांचा घेर सैल होता आणि मुलाला त्यांत हालता येई.

याहून जवळचा दाखला भोपाळातच आहे. पाटणगढचे गोंड कलावंत जनगढसिंह श्याम (मृत्यू २००१) हे चित्रकार स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळास आले आणि १९८२ साली उघडलेल्या भारत भवनाच्या छायेत त्यांची कला बहरली. घराच्या भिंतीवरील परंपरा त्यांनी कागदावर व कॅनव्हासवर आणली. पण भिंतीची नक्कल केली नाही. नव्या माध्यमाला साजेल असे ठिपक्यांचे आणि रेषांचे आपले रूप त्यांनी घडविले. स्मृती जिवंत ठेवावयाची तर तिला नवे शरीर द्यावे लागते. जुन्या शरीराचा मुखवटा पुरत नाही. बालवस्त्रे योजणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

साहित्याची तर या प्रदेशात वाण नाही. अहिल्याबाईंच्या आश्रयाने नावारूपास आलेले महेश्वरचे विणकाम आहे, चंदेरीचे तलम वस्त्र आहे, धार जिल्ह्यातील बागचे ठसे आहेत, आणि बेगमांच्या काळापासून चालत आलेले भोपाळचे जरदोजीचे काम व बटवे आहेत. मात्र प्रत्येकाची जागा ओळखावी. मऊ सुतावरील बागचे ठसे झबल्याला शोभतील. जरदोजी मुलाच्या अंगाला टोचेल, ती बटव्यावरच बरी. कुंची मिरवून झाली की काढून ठेवावी. झोपलेल्या तान्ह्याचे डोके झाकू नये आणि गळ्याशी लांब बंद ठेवू नयेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आजीच्या प्रेमाने या सूचनेचा राग मानू नये.

आम्हांस चार कसोट्या पुरेशा वाटतात. वस्त्र घातल्यावर मूल धावू शकते काय? ते पन्नास वेळा धुता येते काय? पूर्वीच्या परकराला खाली दुमडून शिवलेली पट्टी असे, मूल वाढले की ती उसवून उंची वाढवीत. तशी वाढत्या अंगाची सोय त्यात आहे काय? आणि शेवटी, ते धाकट्या भावंडाला देता येईल काय? या कसोट्यांस जे वस्त्र उतरेल, त्यात आठवण आपोआप साठत जाईल, मग त्यावर जुन्या वाड्याचे चित्र असो वा नसो.

पाचवी गोष्ट शिंप्याच्या हाती नाही, ती घराच्या हाती आहे. वस्त्राबरोबर त्याचे नावही मुलाला द्यावे. आमच्या कोकणी वाचकांच्या घरी मुलीच्या झग्याला आंगलें म्हणतात. भोपाळच्या किती मराठी मुलांना अंगडे हा शब्द आज कळतो? शब्द गेला की वस्त्र अनोळखी होते, आणि अनोळखी वस्त्र म्हणजे सोंग. घरातले एखादे सुती जुनेर शोधावे, त्याचे एक तरी दुपटे घरी शिवावे, आणि हे कोणाच्या लुगड्याचे आहे ते मुलाला सांगावे. बाजार बाकीचे सर्व देऊ शकेल. एवढे मात्र त्याला देता येणार नाही.