उष्ण अन्न आणि थंड भूक

आपल्याकडे अन्नाला जशी जात आहे तसे तापमानही आहे. दूध-तूप थंड आणि सात्त्विक. मांस उष्ण आणि तामसी, म्हणून ते खाणारा तापट. हे जातीचे म्हणणे वैद्यकाच्या सुरात सांगितले जाते, त्यामुळे भल्याभल्यांना ते खरे वाटते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते ते याच ठिकाणी. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते हे नोंदवताना ते सात्त्विक-राजस-तामस या वर्गवारीलाच प्रश्न विचारतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायातील ही वर्गवारी नीट वाचावी. तामस आहारात तेथे शिळे, नासके आणि उष्टे येते. मांसाचे नाव घेतलेले नाही. आता उष्टे कोणाच्या वाट्याला येत होते? गावकीची कामे करून दारोदार भाकरी मागणाऱ्याच्या. ज्या व्यवस्थेने त्याच्या पदरात उष्टे टाकले, तिनेच उष्टे खाणाऱ्याला हीन ठरवले.

उरला उष्णतेचा दावा. अन्न पचवायला शरीराला ऊर्जा खर्चावी लागते आणि ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. प्रथिनांच्या दर १०० कॅलरींतून २० ते ३०, पिष्टमय पदार्थांच्या ५ ते १० आणि स्निग्ध पदार्थांच्या फार तर ३ कॅलरी अशा खर्च होतात. मांसाने अंग तापते यात तेवढे तथ्य आहे. पण डाळीतले, शेंगदाण्यातले आणि ‘थंड’ दुधातले प्रथिनही उष्णता निर्माण करते. ही जादा उष्णता त्वचेवाटे, घामावाटे निघून जाते. मेंदू शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपासच राखतो. विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च मुख्यतः शरीराचे आकारमान आणि स्नायू यांवर ठरतो. या हिशेबात स्वभावाला कुठेच रकाना नाही.

शरीर खरोखर थंड पडते ते उपासमारीने. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. जेवणात मुख्यतः बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. त्यांचा विश्रांतीचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला, शरीराचे तापमान उतरले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली. ते चिडचिडे आणि उदास झाले. ताटात मांस जवळजवळ नव्हते, तरी शांती आली नाही. कारण पोट रिकामे होते.

हे ध्यानात ठेवून पाटोळ्यांच्या पुस्तकातील चान्यांकडे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या तुकड्यांकडे पाहावे. तेल-तूप-दूध जेथे दुर्मिळ, तेथे पुढच्या उपासाच्या दिवसांसाठी केलेली ती प्रथिनांची बेगमी आहे. तिला तामस म्हणणाऱ्याला त्या घरातली भूक दिसलेली नसते.

मात्र आपल्यातलेही काहीजण ‘आम्ही मांस खातो म्हणून आम्ही लढाऊ’ असे अभिमानाने म्हणतात, ते मला मान्य नाही. तेच वर्णाचे गणित उलटे मांडले एवढेच. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस आणि उष्टे सोडण्यास सांगितले, ते स्वाभिमानासाठी. स्वतः होऊन सोडणे वेगळे आणि दुसऱ्याने ताटातून काढून घेणे वेगळे. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने दुसरी गोष्ट केली. राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा खर्च देणे थांबवले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सात्त्विकतेची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आधी एवढेच विचारावे : ती ६ ग्रॅम आमच्या पोराला तुम्ही कशातून देणार?